‘अंतिम’ म्हणजे कधी? जमातीचा दाखला आणि सरकारी नोकरी : पार्श्वभूमी

‘अधिसंख्य’, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा निर्माण केलेले पद, हा शब्द डिसेंबर २०१९ पूर्वी आस्थापना शाखेबाहेर फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. २१ डिसेंबरच्या शासन निर्णयाने तो घरोघरी पोचवला. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर लागलेले, पण ज्यांचा दावा पडताळणी समितीने अवैध ठरवला किंवा ज्यांनी वैधता प्रमाणपत्रच दिले नाही, असे कर्मचारी मूळ पदावरून काढून ११ महिन्यांच्या अधिसंख्य पदावर बसवले गेले. बिंदुनामावलीत, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी हे दाखवणाऱ्या नोंदवहीत, त्यांची जागा रिकामी झाली. कार्यालयात मात्र माणूस कालच्याच टेबलावर तेच काम करत होता.

याचे मूळ अनुसूचित जमातींच्या १९५० च्या यादीत शोधतात, ते खोटे नाही, पण गुंता खरा वाढला तो १९७६ च्या दुरुस्तीने. तोवर ठाकूर जमात यादीत होती ती नगर, नाशिक, पुणे, ठाणे, कुलाबा अशा जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांपुरती. क्षेत्रबंधन उठले, २७ जुलै १९७७ पासून अंमल सुरू झाला आणि त्याच नावाची माणसे इतर जिल्ह्यांतूनही दाखले मागू लागली. कोळ्यांचेही तसेच. यादीत महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी लिहिलेले असते नुसते ‘कोळी’.

१९९४ मध्ये महादेव कोळी दाव्याच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली: समिती, तिच्या हाताखाली दक्षता पथक, गृहचौकशी. कुलदैवत कोणते, लग्न कोण लावतो, मयताला पुरता की जाळता, हे प्रश्न तिथून आले. शहरात तिसरी पिढी काढलेल्या कारकुनाने यांची उत्तरे बरोबर दिली तर ‘पाठ करून आला’, चुकली तर ‘आप्तभाव सिद्ध होत नाही’, म्हणजे चालीरीतींवरून जमातीशी नाते दिसत नाही.

पण नोकऱ्यांचा निकाल ज्या ओळीवर अडला ती सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००० च्या निकालातली. प्रकरण विदर्भातले. यादीत ‘हलबा, हलबी’ आहे. विणकाम करणारे हलबा-कोष्टी आम्ही त्यातलेच, असे म्हणत होते आणि उच्च न्यायालयाने ते मान्यही केले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवले. यादी जशी आहे तशीच वाचायची, पुरावा घेऊन तीत पोटजात घालण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. बदल करायचा तर संसदेने. इथवर निकाल स्वच्छ आहे. मात्र ज्याचे प्रकरण होते त्याने १९८५-८६ मध्ये राखीव जागेवर वैद्यकीय प्रवेश घेतला होता आणि मध्ये १५ वर्षे गेली होती. तेव्हा त्याच्या पदवीला हात लावला नाही आणि शेवटी जोडले, की जे प्रवेश व नियुक्त्या अंतिम झाल्या आहेत त्यांना या निकालाची बाधा पोचणार नाही.

अंतिम म्हणजे काय? परिवीक्षा संपली की? स्थायित्वाचा आदेश निघाला की? की समितीने वैध ठरवले तेव्हाच? कर्मचाऱ्यांच्या वकिलांनी पहिला अर्थ लावला, आदिवासी संघटनांनी शेवटचा. त्यातच राज्याचा पडताळणीचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ ला लागू झाला. त्याच्या कलम ८ ने पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर टाकला. कलम १० नुसार दाखला रद्द झाला की नोकरीसह सगळे लाभ काढून घ्यायचे. जुन्या नेमणुकांचे काय, यावर उच्च न्यायालयात उलटसुलट निकाल येत गेले. अखेर २०१४ च्या डिसेंबरात पूर्णपीठाने सांगितले, की दाव्यात लबाडी नसेल तर २००० च्या निकालाआधीच्या नोकरीला संरक्षण देता येईल. सुटकेचा निःश्वास जेमतेम अडीच वर्षे टिकला. ६ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मोडला. हेतू वाईट होता का हे पाहायचेच नाही. दाखला अवैध तर लाभही गेला, आणि सहानुभूतीपोटी संरक्षण देण्याची मुभा उच्च न्यायालयाला नाही. २०१९ चा अधिसंख्य पदांचा शासन निर्णय त्यातूनच आला.

या सगळ्यात नियोक्ता, म्हणजे सरकार, मला सर्वांत सहज सुटलेला दिसतो. नियुक्ती आदेशात ‘वैधतेच्या अधीन राहून’ हे शब्द असत. वैधता आली नाही तर काय, हे विचारायचे काम त्याच कार्यालयाचे होते. ते न विचारता वर्षानुवर्षे वेतनवाढी लावल्या गेल्या, पदोन्नत्याही दिल्या गेल्या. जून १९९५ च्या शासन निर्णयाने तर विशेष मागास प्रवर्ग हा वेगळा आरक्षण गट निर्माण करताना, आधीच जमातीच्या जागांवर लागलेल्यांना अभयच दिले होते. ज्या आदिवासी मुलांच्या जागा अडल्या, त्यांच्याकडून कुणी फाइल हलवली नाही. त्यांच्या मोर्च्यांतला १२,५०० पदांच्या विशेष भरतीचा आकडा २०१७ नंतरच सगळीकडे ऐकू येऊ लागला.

पुढचे सगळे अलीकडचे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, ठाकूर दाव्यांच्या निमित्ताने, आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, स्वातंत्र्यपूर्व काळातल्या नोंदींना जास्त वजन, असे सांगितले. म्हणजे कुलदैवताच्या प्रश्नावर घरी बसलेल्यांपैकी काहींची कागदपत्रे आज कदाचित पुरली असती. अधिसंख्य लोकांना त्याआधीच, डिसेंबर २०२२ मध्ये, निवृत्तिवेतनाची सोय मिळाली होती. ते निवृत्तीपर्यंत राहतील. ११ महिने भरले की एक दिवसाचा तांत्रिक खंड, आणि पुन्हा नवा आदेश.