स्वस्त सुवाह्य इलेक्ट्रॉनिक उपकरणे (सोलापूर)

खिशात, पिशवीत किंवा सायकलच्या हँडलला अडकवून नेता येणाऱ्या, स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या आणि दोन-चार दिवसांच्या मजुरीत मिळणाऱ्या विजेच्या वस्तू. मेमरी कार्डावरची गाणी वाजवणारा छोटा स्पीकर, एफएम रेडिओ, भजनांचा डबा, पॉवर बँक, डोक्याला बांधायची बॅटरी, सोलर कंदील, सोलर कॅल्क्युलेटर असा हा पसारा आहे. बोलताना या सगळ्याला सरसकट ‘चायना माल’ म्हणतात, जोडणी कुठेही झालेली असो. सोलापूर शहरात नवी पेठेतली दुकाने आणि आठवड्याचा मंगळवार बाजार ही खरेदीची नेहमीची ठिकाणे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा भरली की होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या बाजारात, पाळण्यांच्या आणि भांड्यांच्या गर्दीत या वस्तूंचेही स्टॉल लागतात.

सोलापूर हे हातांनी काम करणाऱ्यांचे गाव आहे आणि या वस्तूंचा इथला खप त्यावरूनच समजतो. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असते, त्यात तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा. पान मापाने कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणून नजर सुपावरून हलवणे परवडत नाही. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान तेवढे मोकळे. अशा घरात टीव्हीपेक्षा कोनाड्यात ठेवलेला स्पीकर जास्त तास चालतो. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली या विणकर समाजाच्या घरांत तेलुगू, शेजारी मराठी, अक्कलकोटच्या बाजूने आलेल्यांच्या तोंडी कन्नड. त्यामुळे एकाच मेमरी कार्डात तीन-चार भाषांची गाणी सुखाने नांदतात. आकाशवाणीचे सोलापूर केंद्र ऐकणारेही आहेत, पण आपल्याला हवे तेच आणि हवे तितक्या वेळा ऐकण्याची मुभा कार्डाने दिली.

यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र सावध राहायला हवे. मागांचा आवाजच ९० डेसिबलच्या वर जातो. त्यावर मात करायची म्हणून इअरफोनचा आवाज वाढवला की कानांवर दुहेरी मारा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. पाळीभर कानात बोंडे घालून माग चालवणाऱ्या तरुणांनी हे मनावर घ्यावे, अशी कळकळीची विनंती या नोंदीतही करावीशी वाटते.

या वस्तूंचा वंश ट्रान्झिस्टरपासून सुरू होतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टर हा विजेचा संदेश मोठा करणारा चिमुकला भाग तयार झाला आणि १९५४ मध्ये त्यावर चालणारा पहिला खिशातला रेडिओ विक्रीला आला. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट दाखवला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्केच तो विजेत बदलू शकत होता. फिलिप्सची कॅसेट १९६३ ची, सोनीचा वॉकमन १९७९ चा. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि १९९८ मध्ये पहिला एमपीथ्री प्लेअर. एमपीथ्रीच्या पेटंटांचा परवाना व्यवहार २०१७ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी भारतात सारेगामाने ५,००० जुनी गाणी भरलेला ‘कारवां’ हा रेडिओसारखा दिसणारा प्लेअर आणला. ज्येष्ठांना त्यातले बटण फिरवणे आवडले, आणि ज्यांना तो परवडला नाही त्यांनी तीच सोय दोन-तीनशे रुपयांच्या डब्यात शोधली.

हा डबा उघडला की आत फारसे काही दिसत नाही. नखाएवढी एक चिप कार्ड, पेनड्राइव्ह आणि एफएम सांभाळते, दुसरी आवाज मोठा करते, तिसरी चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबवते. बाकी एक भोंगा आणि एक सेल. सेल बहुतेक वेळा नोकियाच्या जुन्या फोनांमधल्या बीएल-५सी मापाचा, नाहीतर १८६५० नावाचा गोल. या नावातच माप आहे: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. प्रस्तुत लेखकाच्या आईचा भजनांचा डबा आजवर तीनदा उघडावा लागला. दोनदा सेल गेला होता, एकदा चार्जिंगच्या पिनचा टाका सुटला होता. दुरुस्ती करणाऱ्याने मल्टिमीटरची लाल-काळी टोके सेलला टेकवली, पडद्यावर १.९ आकडा आला. ‘मावशी, सेल बसलाय,’ एवढेच म्हणून त्याने ड्रॉवर ओढला. चांगला सेल ३.७ व्होल्टच्या आसपास दाखवतो; अडीचच्या खाली उतरलेला पुन्हा भरत बसण्यापेक्षा बदललेला बरा. फुगलेला सेल तर दाबून, टोचून पाहूच नये, तो पेट घेऊ शकतो.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. म्हणजे पाच मिनिटांचे गाणे पाच एमबी आणि आठ जीबीच्या कार्डात सुमारे दीड हजार गाणी. ‘कार्ड भरून देणे’ हा मोबाइल दुकानांचा काही वर्षे चांगला जोडधंदा होता, परवानगीविना असल्यामुळे तो बेकायदा असला तरी. स्वस्त प्लेअर बहुधा फॅट-३२ या कार्डावर फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलेच कार्ड वाचतात. नवे मोठे कार्ड ‘वाचतच नाही’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा एवढीच गोष्ट असते.

सौर उपकरणांबद्दल अधिक खोलात जायला हवे, कारण सोलापूरसारख्या उन्हाच्या मुलखात त्यांच्याकडून अपेक्षा मोठ्या आणि निराशाही मोठी. पाठीवर पॅनेल असलेली १०,००० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, साठवणीचे माप) पॉवर बँक घ्या. आतला सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे साठवण ३७ वॉट-तास. पॅनेल १२ सेंटिमीटर लांब, ६ रुंद. भर दुपारी चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट ऊन पडते, त्यातले या पॅनेलच्या वाट्याला ७ वॉट येते आणि २० टक्के विजेत बदलले तरी हाती दीड वॉटही लागत नाही. इथे दिवसाला पूर्ण जोराचे ऊन पाच-साडेपाच तास धरले, वाटेतली गळती वजा केली, तर बँक भरायला आठवडा लागतो. शिवाय फोनला देताना ३.७ चे ५ व्होल्ट करावे लागतात, त्यात १०,००० चे सहा-साडेसहा हजारच हाती उरतात. तेव्हा असले पॅनेल अडीअडचणीपुरते धरावे आणि बँक भिंतीच्या प्लगवरच भरावी.

तेच दीड वॉटचे पॅनेल कंदिलाला लावले की चित्र पालटते. अर्ध्या वॉटचा एलईडी चार तास लागला तर दोन वॉट-तास खर्च होतात, तेवढे दोन-तीन तासांच्या उन्हात परत मिळतात. बीएल-५सी सेलवरच्या रेडिओचेही तसेच. सगळा सेलच चार वॉट-तासांहून कमीचा. कॅल्क्युलेटरला तर ट्यूबलाइटचा उजेडही पुरतो. सोलर म्हणून घ्यायचे तर दिवा आणि रेडिओ घ्यावा, फोनची भूक या पट्टीने भागत नाही. काही स्वस्त कॅल्क्युलेटरांवरची पट्टी निव्वळ शोभेची असते, हेही माहीत असलेले बरे. दिवा घेताना दुकानाबाहेर उन्हात धरावा, पॅनेल हाताने झाकावे. चार्जिंगची खूण विझली आणि हात काढताच परत लागली तर पॅनेल खरे.

उन्हाची दुसरी बाजू तापमानाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्यावर ठेवलेले काळे पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापते. सिलिकॉनचे पॅनेल २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के ताकद गमावते, म्हणजे ६५ अंशांला १६ टक्के गेली. त्याहून वाईट हाल पॅनेलच्या पाठीला चिकटलेल्या लिथियम सेलचे होतात. ४५ अंशांच्या पुढे चार्जिंग केले की त्याचे आयुष्य घटते. यावर इलाज वायरीचा: ज्या दिव्याचे पॅनेल सुटे असते तो घ्यावा, पॅनेल कौलावर किंवा पत्र्यावर आणि दिवा आत सावलीत. जुन्या पद्धतीच्या जड कंदिलांत ४ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत दोन-तीन महिने कपाटात पडली की आतल्या पत्र्यांवर पांढरे क्षार धरतात आणि मग ती चार्ज घेत नाही.

जिल्ह्यात या दिव्यांचे खरे गिऱ्हाईक शिवारात आहे. शेतीची लाइट पाळीने येते, कित्येकदा रात्रीची. ज्वारीला, उसाला, डाळिंबाला रात्री पाणी धरायचे तर पायाखाली विंचू-साप दिसलाच पाहिजे आणि हातात खोरे असते, म्हणून बॅटरी डोक्याला. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवरही (तात्पुरत्या झोपड्यांवर) सोलर दिवा दिसतो. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. आभाळ निरभ्र, हवा थंड, पॅनेलला याहून चांगला काळ नाही. आषाढी वारीत नेमके उलटे. माउलींची पालखी धर्मपुरीला आणि तुकोबांची अकलूजला जिल्ह्यात येते तेव्हा आभाळ भरलेले असते, आणि पाठपिशवीला बांधलेले पॅनेल पंढरपूरपर्यंत जेमतेम दिव्यापुरते देते. वारकऱ्यांनी घरून भरलेली साधी पॉवर बँक जवळ ठेवावी.

खरेदीच्या वेळी पॉवर बँक आणि सुट्या बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण पाहावी. तिच्याखाली ‘आर’ अक्षर आणि आठ अंकी क्रमांक असतो. डब्यावर छापलेल्या शेकडो वॉटच्या आकड्याला अर्थ नाही. आतली चिप बहुधा तीन वॉटची असते. स्क्रूने बंद केलेली वस्तू गोंदाने चिकटवलेल्या वस्तूपेक्षा नेहमी चांगली, कारण ती उघडता येते. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या उपक्रमात गावातल्याच लोकांना दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले गेले होते. जिथे विक्री तिथेच दुरुस्ती, ही त्यातली गोष्ट सोलापूरच्या बाजारानेही धरून ठेवण्याजोगी आहे. साठ-सत्तर रुपयांच्या सेलने डबा आणखी दोन वर्षे बोलतो.

मेलेल्या सेलचा प्रश्न उरतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार उत्पादकांवर वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आहे, पण बाजारात बिनपावतीने घेतलेल्या डब्याचा उत्पादक गिऱ्हाइकाला सापडत नाही. परिणामी सेल घंटागाडीत जातो, ओल्या कचऱ्याखाली दाबला जातो, कधी गाडीतच पेटतो. निदान त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, तो वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवून, ई-कचरा गोळा करणाऱ्याच्या किंवा दुरुस्तीवाल्याच्या हाती द्यावा.