डूडल: पाण्यातल्या कुत्र्याची पार्श्वभूमी

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर किंवा फोंड्याच्या एखाद्या सोसायटीत मऊ कुरळ्या केसांचा, टेडी बेअरसारखा दिसणारा मोठा कुत्रा हल्ली भेटतो. पूडल आणि गोल्डन रिट्रीव्हर यांचा हा संकर, म्हणून नाव गोल्डनडूडल. लॅब्राडोरशी संकर झाला तर लॅब्राडूडल. पिल्लू विकणारा हमखास सांगतो, "काकू, याचे केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, आणि स्वभावाने अगदी गरीब." या तिन्ही दाव्यांमागे इतिहास आहे. तो नीट पाहिला तर पिल्लू घरी आणण्याआधीच बरंच काही उमजतं.

पूडल हा मुळात दिवाणखान्यातला कुत्रा नव्हे. त्याचं नाव पाण्यात डुबडुबणं या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलं, आणि बंदुकीने टिपलेली बदकं थंड पाण्यातून आणणं हे त्याचं काम होतं. प्रदर्शनात दिसणारी ती विचित्र केशरचनाही तिथलीच. पोहायला अडचण नको म्हणून मागचे केस कापायचे आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तिथले ठेवायचे. टिपलेली शिकार तोंडात धरून आणणारा गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडमधला. तिथे लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली आणि १८६८ मध्ये चार पिवळी पिल्लं झाली. लॅब्राडोरचे पूर्वज तर न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांचे सोबती. म्हणजे आईकडून बघा की बापाकडून, हा पाण्यातलाच कुत्रा.

फरक आहे तो केसांत. रिट्रीव्हरला दुहेरी केस असतात आणि खालचा मऊ थर गळत राहतो. पूडलचे केस माणसासारखे वाढतच जातात. कुरळे असल्याने गळालेला केसही खाली न पडता त्यातच अडकतो.

याच गोष्टीवर १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी आधी नुसते पूडल तपासून पाहिले. ते त्या कामाला बसेनात, म्हणून त्यांनी स्टँडर्ड पूडल आणि लॅब्राडोर यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तर त्या गृहस्थांना एकाच पिल्लाचा त्रास झाला नाही. त्याचं नाव सुलतान. पहिल्याच वेतात तिघांपैकी एक, हा आकडा विक्रेत्यांच्या बोलण्यात कधीच येत नाही.

उरलेल्या पिल्लांना सांभाळायला घरं मिळेनात. संकरित पिल्लू कोणालाच नको होतं. मग कॉनरन यांनी 'लॅब्राडूडल' या नावाने नव्या जातीचा मार्गदर्शक कुत्रा म्हणून प्रसिद्धी करवून घेतली आणि फोन थांबेनात. पिल्लं तीच, बदललं फक्त नाव. पैशासाठी कशाही जोड्या लावणारे लोक पुढे आले तेव्हा कॉनरन यांनी या प्रयोगाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मला ती मनापासून पटते.

२००९ मध्ये ओबामांनी आपल्या मुलीच्या ॲलर्जीमुळे निवड दोन कुत्र्यांवर आणली होती, लॅब्राडूडल किंवा पोर्तुगीज वॉटर डॉग. आला तो दुसरा, म्हणजे पोर्तुगालच्या मच्छीमारांचा कुरळा कुत्रा. ॲलर्जीचा समज तेव्हा आणखी पसरला. पण ॲलर्जी करणारी प्रथिनं मुख्यतः लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात तर 'ॲलर्जीमुक्त' म्हणवणाऱ्या जातींच्या केसांत हे प्रथिन इतरांपेक्षा जास्तच सापडलं. घरात दम्याचा माणूस असेल तर त्याने त्याच पिल्लासोबत दोन-चार वेळा बसून पाहावं. आणि पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बंदी आहे, तेव्हा घाई करणाऱ्याकडून घेऊच नये.

केस गळत नाहीत याचा गोव्यातला खरा अर्थ कळतो तो जूनमध्ये. पाण्यासाठी घडलेले हे केस दमट हवेत दिवसभर सुकत नाहीत. वरून फणी फिरवली की छान दिसतात, पण खाली कातडीलगत जटा झालेल्या असतात. तिथे ओल धरते, मग वास, खाज आणि चट्टे. कंगवा कातडीपर्यंत पोचला पाहिजे आणि तोही आंघोळीच्या आधी, कारण ओली जट आणखी घट्ट होते. लोंबत्या केसाळ कानांत हवा खेळत नाही, म्हणून कान आठवड्यातून एकदा तपासावेत. समुद्रात पोहून आला तर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. कुरळ्या केसांत गोचीड दिसत नाही, ती बोटांनी चाचपूनच शोधावी लागते. बोटांच्या बेचक्यात, कानामागे, काखेत. गोचीडताप आपल्याकडे कुत्र्यांचा जीव घेतो. लेप्टो या पावसाळी तापाची लसही पावसाआधी व्हायला हवी.

राहिला स्वभाव. माणसाच्या बरोबरीने दिवसभर काम करायला घडलेले पूडल आणि रिट्रीव्हर हे दोन्ही कुत्रे. त्यामुळे डूडल माणसाळू आणि चटकन शिकणारा असतो, पण एकटं राहणं त्याला सोसत नाही. रोज तासभर तरी फिरणं-पळणं आणि डोक्याला काही काम हवं, नाहीतर भुंकणं आणि कुरतडणं सुरू होतं. मार्गदर्शक कुत्रा झालेल्या सुलतानचा शांतपणा शिकवणीतून आलेला होता. वर्षभराचा, पंचवीस-तीस किलोचा न शिकवलेला डूडल प्रेमाने अंगावर उडी घेतो आणि घरातली आजी पडते. 'खाली' आणि 'थांब' पिल्लूपणीच शिकवावं.

मेच्या अखेरीस केस दोन-तीन सेंटिमीटरवर कापून घ्यावेत, पुढे दर सहा-आठ आठवड्यांनी, म्हणजे गणेश चवथीला घर भरतं तेव्हा तो स्वच्छ असतो. त्या दिवसांत नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा उंचावर ठेवा. रिट्रीव्हर दिसेल ते तोंडात धरतो, आणि सारणातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी असतात.