मुंबईत मध्यम आकाराची सेडान वापरताना: मालकांचे अनुभव आणि आमच्या सूचना

आमच्या वर्कशॉपमध्ये देखभालीसाठी येणाऱ्या गाड्यांमध्ये होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, मारुती सियाझ, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या वर्गातील सेडान मोठ्या प्रमाणावर असतात. गाडी सोडायला येणारे मालक कामाची यादी देतात, त्याचबरोबर गाडीविषयी बरेच काही सांगतात. त्यांच्या तक्रारींपैकी पुष्कळशा गाडीतील बिघाडाच्या नसून, साधारण साडेचार मीटर लांबीची आणि जमिनीलगत असणारी गाडी मुंबईसारख्या शहरात वापरल्यामुळे उद्भवणाऱ्या असतात, असे आमच्या लक्षात आले आहे. अशा तक्रारींवर सुटा भाग बदलून उपयोग होत नाही. वापरात थोडा बदल करावा लागतो. हे पत्रक त्यासाठी आहे.

घरातील माणसे आणि सामान

सेडानची मागील सीट हे ती विकत घेण्याचे सर्वांत मोठे कारण असते आणि त्याबाबत मालक बहुधा समाधानी असतात. तक्रार येते ती आत बसण्याची आणि बाहेर पडण्याची. सीट खाली असल्यामुळे गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना वाकून शिरावे लागते आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. अशा वेळी आधी पाठ गाडीकडे करून सीटवर बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरतानाही दोन्ही पाय आधी जमिनीवर टेकवून मगच उठावे. पदपथाला अगदी चिकटून गाडी उभी केल्यास दार पदपथाच्या कडेला घासते आणि ज्येष्ठांना उतरायलाही अडचण होते, म्हणून थोडे अंतर ठेवावे. मागे तिघे बसणार असतील तर मधल्या जागेवर लहान चणीच्या व्यक्तीला बसवावे, कारण तिथे पायांखाली उंचवटा असतो. मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावणे कायद्याने बंधनकारक आहे, हे आवर्जून सांगावे लागते.

डिकीच्या बाबतीत या गाड्या उदार आहेत. सिटीची डिकी ५०६ लिटरची, सियाझची ५१० लिटरची, तर स्लाव्हिया आणि व्हर्टसची ५२१ लिटरची आहे. गणपतीला गावी जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचे सामान तिच्यात सहज मावते. मात्र डिकीचे तोंड अरुंद असल्यामुळे उभट खोके किंवा वॉशिंग मशीनसारखी वस्तू आत जात नाही. सिटीच्या हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटर असलेल्या) प्रकारात बॅटरीमुळे डिकी ३०६ लिटरची उरते, तेव्हा तो प्रकार घेणाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या बॅगा शोरूममध्ये प्रत्यक्ष ठेवून पाहाव्यात. बाहेरून सीएनजी किट बसवल्यास सिलिंडर डिकीचा मोठा भाग व्यापतो आणि मागील सस्पेन्शनवर (धक्के झेलणाऱ्या यंत्रणेवर) कायमचा भार येतो. शिवाय सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते. रोजचे अंतर फार नसेल तर आम्ही सेडानला सीएनजी किट सुचवत नाही.

सियाझची विक्री २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे सुट्या भागांविषयी अनेकांनी काळजीने विचारणा केली आहे. २०१८ पासूनच्या सियाझमधील दीड लिटरचे पेट्रोल इंजिन त्या काळातील अर्टिगामध्येही होते, त्यामुळे नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या भागांची चिंता करण्याचे कारण नाही.

गाडी खाली लागते, ही तक्रार

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक सेडानमालक करतो. गाडीत एकटा चालक असताना जो गतिरोधक सहज पार होतो, त्याच गतिरोधकावर पाच माणसे आणि भरलेली डिकी असताना गाडीचे पोट घासते, कारण भाराने मागची बाजू खाली बसते. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतचे अंतर) १६५ मिलिमीटर आणि स्लाव्हियाचा १७९ मिलिमीटर आहे. कागदावर हा फरक किरकोळ वाटला तरी सोसायटीच्या उताराच्या टोकाशी तो जाणवतो. उंच गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवावी, ब्रेक सोडून मगच चाक वर चढवावे आणि रुंदी असल्यास थोडे तिरके जावे. चाक चढत असताना ब्रेक दाबल्यास गाडीचे नाक खाली जाते आणि पुढचा बंपर हमखास लागतो.

उंची वाढवण्यासाठी मोठे टायर किंवा स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवण्याची मागणी आमच्याकडे वारंवार होते. आम्ही त्यास नकार देतो. त्यामुळे गाडीचा तोल बदलतो, वळणावर ती अधिक कलते आणि वॉरंटीचा प्रश्न निर्माण होतो. त्याऐवजी टायरमधील हवा तपासावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर कमी भारासाठी आणि पूर्ण भारासाठी हवेचा वेगवेगळा दाब दिलेला असतो. कुटुंबासह बाहेरगावी निघताना पूर्ण भाराचा दाब ठेवावा. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या गाड्यांचे लिंक रॉड आणि बुश (सस्पेन्शनमधील जोडदांडे आणि रबरी जोड) लवकर सैल होतात व कमी वेगात पुढून टकटक आवाज येऊ लागतो. हा आवाज धोक्याचा नसला तरी दुर्लक्ष केल्यास टायर एका बाजूने झिजतात.

वाहतूक कोंडी, क्लच आणि मायलेज

पाच मॅन्युअल सेडानमालकांपैकी निदान एक तरी सतत क्लचवर पाय ठेवून गाडी चालवत असावा, असा आमच्या कारागिरांचा कयास आहे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर किंवा उड्डाणपुलाच्या चढावर हाफ क्लचने (क्लच अर्धवट दाबून) गाडी धरून ठेवण्याची सवय क्लच प्लेटचे आयुष्य झपाट्याने कमी करते. चढावर हँडब्रेक वापरावा.

ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये कोणत्या प्रकारचा गिअरबॉक्स आहे हे मालकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) आणि टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या माध्यमातून शक्ती पोहोचवणारा) हे प्रकार कोंडीत निवांत चालतात. स्लाव्हिया आणि व्हर्टसच्या दीड लिटर इंजिनासोबत मिळणाऱ्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये मात्र कोरडे (थंड ठेवणारे तेल नसलेले) क्लच असतात; पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकत राहिल्यास ते तापतात. अशा गाडीत पुढे थोडी मोकळी जागा होऊ द्यावी, मग एकदाच पुढे जावे आणि थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा. मागचा हॉर्न वाजवत राहील, त्याकडे लक्ष देऊ नये.

मायलेजबाबत अपेक्षा वास्तव ठेवावी. सिटीच्या सीव्हीटी प्रकाराचा प्रमाणित आकडा लिटरमागे १८.४ किलोमीटर असला तरी तो ठरावीक चाचणीतील आहे. एसी लावून दादर ते अंधेरी रोज ये-जा करताना दीड लिटर पेट्रोल सेडानने लिटरमागे १० ते १२ किलोमीटर दिल्यास आम्ही गाडी ठीक समजतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यामुळे मायलेज थोडे घटणे स्वाभाविक आहे. आपली गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असल्यास ती या इंधनासाठी योग्य आहे का, हे मालक-पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणाजवळील स्टिकरवर पाहावे.

द्रुतगती मार्गावर या गाड्यांचा खरा गुण दिसतो. मुंबई-पुणे मार्गावर ताशी १०० किलोमीटरच्या वेगमर्यादेत गाडी शांत व स्थिर राहते आणि मायलेजही लक्षणीय सुधारते. बोरघाटात मर्यादा ६० किलोमीटरची आहे. उतरताना केवळ ब्रेकवर अवलंबून न राहता खालचा गिअर वापरावा.

पावसाळा

सेडानचे सर्वांत महागडे नुकसान पावसाळ्यात होते, म्हणून या भागाकडे विशेष लक्ष द्यावे ही विनंती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तशी आपत्ती दुर्मीळ असली तरी हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे येथे पाणी साचण्यासाठी एवढ्या पावसाची गरज नसते. जोराचा पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकाच वेळी आल्यास पाण्याचा निचरा थांबतो; महापालिका मोठ्या भरतीचे दिवस पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते, ते पाहून ठेवावेत.

साचलेले पाणी चाकाच्या मध्यापर्यंत पोहोचले असल्यास त्यात गाडी घालू नये. शेजारून बस किंवा ट्रक गेल्यावर उठणारी लाट बोनेटपर्यंत येते आणि हवा घेण्याच्या नळीतून पाणी इंजिनात शिरते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताच कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. गाडी पाण्यात बंद पडल्यास ती पुन्हा सुरू करण्याचा एकही प्रयत्न करू नये, कारण बहुतेक इंजिने या प्रयत्नातच निकामी होतात. गाडी ढकलून कोरड्या जागी आणावी आणि आम्हाला कळवावे. ऑटोमॅटिक गाडी चारही चाके उचलणाऱ्या वाहनावरूनच आणावी. साध्या विमा पॉलिसीत पाण्यात इंजिन सुरू केल्यामुळे झालेले नुकसान बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम असते. ते आपल्या पॉलिसीत आहे का, हे मे महिन्यातच तपासावे.

पुढील सीटच्या पायाशी मॅट ओली होत असेल तर ते पावसाचे पाणी आहे असे गृहीत धरू नये. अनेकदा एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो आणि काम अगदी कमी खर्चात होते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये पाने पुढच्या काचेखालील खाचेत साचून पाण्याची वाट बंद करतात, तीही दर आठवड्याला हाताने काढावीत. डिकीतील स्टेपनी महिन्यातून एकदा उचलून तिच्या खळग्यात पाणी साचले आहे का, हे पाहावे. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. तो वरवरचा असतो आणि पहिल्या काही ब्रेकनंतर निघून जातो.

उभी गाडी

यांत्रिक पार्किंग असलेल्या सोसायट्यांमध्ये सेडानचा एक फायदा होतो: तिची उंची दीड मीटरच्या आसपास असल्याने उंच एसयूव्हींना जेथे जागा मिळत नाही, तेथेही ती बसते. लांबी मात्र आधी मोजून घ्यावी. वरळी, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागांत राहणाऱ्यांनी गाडीचा तळ अधूनमधून साध्या पाण्याने धुऊन घ्यावा.

उंदरांनी वायर कुरतडल्याच्या तक्रारी बाराही महिने येतात. गाडीत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत, गाडी कचऱ्याच्या डब्याजवळ उभी करू नये आणि आठवडाभर वापर होणार नसेल तर मधून एकदा बोनेट उघडून पाहावे. बोनेटखाली तंबाखूची पाने बांधल्याने उंदीर दूर राहतात की नाही, याबाबत आमच्या कारागिरांमध्येच एकमत नाही. पावसाळ्यात पानांचा वास टिकत नाही, एवढे निश्चित. आम्ही हवेच्या मार्गावर बारीक जाळी बसवून देतो.

गाडी आमच्याकडे आणताना

आवाजाची तक्रार असल्यास तो थंड इंजिनावर येतो की तापल्यावर, वळताना येतो की खड्ड्यात, आणि गाडीत किती माणसे असताना येतो, हे लिहून आणावे. शक्य असल्यास फोनवर ध्वनिमुद्रण करावे, कारण वर्कशॉपमध्ये आल्यावर तो आवाज बहुधा बंद झालेला असतो. रोज गाडी चालवणारी व्यक्ती आणि ती सोडायला येणारी व्यक्ती वेगळी असल्यास, चालवणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक जॉब कार्डवर नोंदवावा. बदललेले जुने भाग आम्ही गाडी परत देताना डिकीत ठेवतो. ते पाहून घ्यावेत आणि नको असल्यास काउंटरवर परत करावेत.