पीक-प्रतिमान (सोलापूरची रब्बी ज्वारी)

पीक-प्रतिमान : पिकाची उगवण, वाढ, फुलोरा आणि दाणे भरणे या क्रिया हवामान व माती यांच्याशी समीकरणांनी जोडून संगणकावर दिवसागणिक घडवून पाहण्याची रीत. समीकरणांच्या संचाला प्रतिमान व ते चालवून मिळणाऱ्या कृत्रिम हंगामाला सदृशीकरण म्हणतात. सजीव प्रणालींच्या संगणकीय अभ्यासात हृदयपेशी, चेतातंतू आणि साथीचे रोग यांची प्रतिमाने अधिक परिचित आहेत. पिकाचे प्रतिमान त्याच कुळातले असले, तरी त्यात सजीवाइतकीच माती हिशेबात धरावी लागते. सोलापूर जिल्ह्यातील रब्बी ज्वारी हे त्याचे कसोटीचे उदाहरण आहे. ती पेरून झाल्यावर पाऊस जवळजवळ संपलेला असतो आणि पुढचे चार महिने पीक जमिनीतल्या ओलीवर काढते.

उगम : या विद्येचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५ च्या सुमारास रोजच्या तापमानांची बेरीज करून पीक पक्व होण्याचा काळ सांगता येईल असे सुचविले. काही लेखक आरंभ तेथपर्यंत मागे नेतात. दुसऱ्या मताप्रमाणे खरा पाया १९५३ मध्ये जपानमध्ये घातला गेला. त्या वर्षी मोन्सी व साएकी यांनी पानांच्या थरांतून खाली जाताना प्रकाश कसा घटत जातो, याचे समीकरण मांडले. पेनमन यांचे बाष्पीभवनाचे समीकरण १९४८ चे असल्याने पाण्याच्या बाजूने पाहणारे त्याला अग्रमान देतात. बहुतेक इतिहासकार मात्र नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील सी. टी. डी विट यांच्याकडे वळतात. त्यांनी १९५८ मध्ये पिकाने बाष्पोत्सर्जनात (पानांतून वाफ होऊन जाण्यात) खर्च केलेले पाणी व तयार झालेला शुष्क भार (ओलावा वगळून उरणारे पिकाचे वजन) यांचे नाते मांडले आणि १९६५ मध्ये पर्णसंभाराच्या प्रकाशसंश्लेषणाचे गणित संगणकावर चालविले. अमेरिकेत डंकन व सहकाऱ्यांचे तशाच स्वरूपाचे काम १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. तापमानाची बेरीज हा अंदाजाचा ठोकताळा होता. ज्यात एका दिवसाचे उत्तर दुसऱ्या दिवसाचे आदान बनते, ते खरे प्रतिमान, असे मानल्यास डी विट यांचा पक्ष अधिक सबळ दिसतो.

पाण्याची जमाखर्चवही ठेवण्याची सवय मात्र संगणकापूर्वीची आहे आणि तिच्या इतिहासात सोलापूरला स्थान आहे. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३३ मध्ये येथे केंद्र निघाले. विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक येथील केंद्रे त्याच सुमाराची. पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून जाते, त्याबरोबर माती किती धुपते आणि किती ओल जमिनीत उरते, याची येथे मोजणी झाली. ना. वि. कानिटकर यांचे नाव या कामाशी निगडित आहे. आजच्या प्रतिमानांतील जलसंतुलनाचा भाग याच प्रकारच्या मोजणीवर तपासला जातो. १९७० मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती प्रकल्पाचे व पुढे कृषी हवामानशास्त्र प्रकल्पाचेही सोलापूर हे केंद्र आहे.

ज्वारीचे पहिले सर्वमान्य प्रतिमान आर्किन, व्हँडरलिप व रिची यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत तयार केले. पुढे हैदराबादजवळ पटनचेरू येथील इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत भारतीय परिस्थितीसाठी त्यात फेरबदल झाले. सध्या सेरेस, ऑस्ट्रेलियातील एप्सिम आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित झालेले इन्फोक्रॉप ही प्रतिमाने वापरात आहेत.

हिशेबाची रीत : प्रतिमान रोज चार गोष्टी मोजते. पहिली म्हणजे पिकाचे वय, आणि ते दिवसांत न मोजता उष्णतामानात मोजतात. किमान उंबरठा ८ अंश से. धरला व दिवसाचे सरासरी तापमान २२ अंश असले, तर त्या दिवशी १४ अंश-दिवस जमा होतात. पोटरी, फुलोरा, हुरडा, पक्वता या अवस्थांना ठरावीक बेरीज लागते. ज्वारी लहान दिवसांचे पीक असल्याने दिवसाच्या लांबीसाठी वेगळे गुणांक द्यावे लागतात, आणि ते वाणागणिक बदलतात. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी (एम ३५-१), भारी जमिनीसाठीची फुले वसुधा, मध्यम जमिनीसाठीची फुले सुचित्रा आणि हलक्या जमिनीसाठीची फुले अनुराधा यांचे गुणांक एकच धरले, तर फुलोऱ्याची तारीख चुकते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. जमिनीच्या क्षेत्राच्या दुप्पट पाने असतील आणि प्रकाश घटण्याचा गुणांक ०.५ असेल, तर सुमारे ६३ टक्के प्रकाश अडतो. अडलेल्या दर मेगाज्यूल सौरऊर्जेमागे ज्वारी साधारण १.२५ ग्रॅम शुष्क भार बनवते असे एप्सिममध्ये धरले जाते. तिसरी गोष्ट पाण्याची, आणि सोलापुरात निर्णायक ठरते ती हीच. हवेची बाष्पदाब-तूट (हवा किती कोरडी आहे याचे माप) २ किलोपास्कल असता ज्वारी एक लिटर पाण्यावर सुमारे ४.५ ग्रॅम शुष्क भार तयार करते. तूट ३ झाली की तेवढ्याच पाण्यावर ३ ग्रॅम. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणून पहिल्या स्थितीत मिलिमीटरमागे हेक्टरी ४५ किलो भार मिळतो. प्रकाश व पाणी यांनी दिलेल्या दोन उत्तरांपैकी लहान ते त्या दिवसाची वाढ मानली जाते. चौथी गोष्ट म्हणजे हा भार मुळे, पाने, धाटे व कणीस यांत वाटून देणे.

जमीन व आरंभीची ओल : खोल काळ्या जमिनीत एका मीटर खोलीपर्यंत साधारण १५० ते २०० मिमी पाणी पिकाला मिळण्याजोगे साठते. खाली मुरूम लागणाऱ्या ४५ सेंमी जमिनीत त्याच्या निम्म्याहून कमी. जिल्हा अवर्षणप्रवण पट्ट्यात येतो आणि परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, त्यामुळे हा साठा पूर्ण भरलेला क्वचितच मिळतो. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात वाफसा आल्यावर करतात. पेरणीच्या दिवसाची ओल प्रतिमानाला आरंभी सांगावी लागते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते चुकीचे मोठे उगमस्थान तेच आहे. २० मिमीचा अंदाज चुकला, तर वरील हिशेबाने हेक्टरी ९०० किलो भाराचा फरक पडतो; त्यात एक-तृतीयांश दाणा धरला, तर ३०० किलो ज्वारी. कोरडवाहू रब्बी ज्वारीचे उत्पन्न अनेक वर्षी हेक्टरी हजार किलोच्या आतच राहते, हे लक्षात घेता ही चूक किरकोळ नाही. मूठभर माती दाबून ओल पारखणारा शेतकरी वरच्या थराचा अंदाज बरोबर देतो. मीटरभर खालची ओल गिरमिटाने माती काढूनच कळते.

दुसरी अडचण भेगांची. बहुतेक प्रतिमाने माती म्हणजे एकावर एक ठेवलेली भांडी मानतात. वरचे भरून वाहिले की पाणी खालच्यात उतरते. काळी जमीन वाळली की भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली जाते. उलट पिकाच्या काळात त्याच भेगांतून खालची ओल उडते. कोळपणी करून भेगा बुजवण्याचा फायदा या भांड्यांच्या हिशेबात दिसत नाही.

उपयोग : पेरणीची तारीख, झाडांची संख्या व खताची मात्रा यांची तुलना अनेक वर्षांच्या हवामान नोंदींवर करता येते. याना खोलोव्हा व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये भारतातील रब्बी ज्वारीवरील पाण्याच्या ताणाचे प्रकार सदृशीकरणाने वेगळे केले. फुलोऱ्याआधी ओल तुटणे आणि दाणे भरताना तुटणे यांत पैदासकाराला निरनिराळे गुण शोधावे लागतात, म्हणून या वर्गीकरणाला महत्त्व आहे. सोलापूर येथील रब्बी ज्वारी केंद्राच्या कामाशी हा विषय जवळचा आहे.

मर्यादा : खोडमाशी सामान्यतः हिशेबात येत नाही. खडखड्या रोगाचेही तसेच. या रोगात दाणे भरताना ओल तुटली की बुरशीमुळे धाटे आतून पोकळ होतात व पीक लोळते. प्रतिमानात त्याच दिवसांचा ताण दिसतो, लोळणे दिसत नाही. कडब्याची बाजूही दुबळी आहे. धाटे व पानांचे वजन प्रतिमान देते, पण कडब्याची प्रत व त्याचा भाव यांचा विचार त्यात नसतो. दुष्काळी वर्षी दाण्यापेक्षा कडब्यासाठी पीक राखणारे शेतकरी जिल्ह्यात आहेत आणि कडबा शेकडा पेंढ्यांच्या दराने विकला जातो.