कृष्णधवल छायाचित्रण

वस्तूंचे रंग वगळून त्यांच्या उजेडाची कमीअधिक मात्रा तेवढी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांमध्ये नोंदवणारी छायाचित्रणपद्धती. ‘कृष्णधवल’ ही संज्ञा रूढ असली तरी काटेकोर नाही. अशा चित्रात निव्वळ काळे आणि निव्वळ पांढरे फार थोडे असते. बहुतेक भाग करडा असतो. ‘एकवर्णी’ ही संज्ञा त्याहून व्यापक असून तीत तपकिरी सेपिया चित्रे आणि इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल (१७९२–१८७१) याने १८४२ मध्ये शोधलेली निळी सायनोटाइप चित्रेही येतात. हिंदीत ‘श्वेत-श्याम’ म्हणतात, म्हणजे पांढरे आधी. मराठीने इंग्रजीप्रमाणे काळे आधी ठेवले. स्टुडिओतली माणसे यातले काहीच म्हणत नाहीत, ती ‘ब्लॅक अँड व्हाइट’ म्हणतात.

कृष्णधवलाच्या आकर्षणाविषयी बरेच लिहिले गेले आहे. मात्र छायाचित्रणाच्या पहिल्या शंभरेक वर्षांत ही निवड नव्हती, निरुपाय होता. आवडीचा प्रश्न रंग हाताशी आल्यानंतरचा आहे. हा भेद न पाळल्यामुळे जुन्या छायाचित्रकारांच्या माथी नसलेला हेतू मारला जातो.

टिकून राहिलेले सर्वांत जुने कॅमेरा-चित्र नीसेफॉर न्येप्स (१७६५–१८३३) याने फ्रान्समध्ये आपल्या घराच्या खिडकीतून घेतले. त्याचे वर्ष जुने ग्रंथ १८२६ देतात, तर अलीकडचे अभ्यासक १८२७ कडे झुकतात. पत्रव्यवहाराचा पुरावा पाहता दुसरे अधिक संभवनीय वाटते. कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर डांबराचा थर देऊन हे चित्र घेतले होते. त्यासाठी आठ तास उजेड द्यावा लागला असे पूर्वी सांगत. पुढे ती प्रक्रिया पुन्हा करून पाहणाऱ्यांनी कित्येक दिवस लागले असावेत असे मत मांडले. १८३९ मध्ये फ्रेंच संशोधक दागेअरचे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचे चित्र आणि इंग्रज संशोधक टॉल्बटचे कागदावरचे चित्र जगापुढे आले. हर्शेलने १८१९ मध्येच दाखवलेला हायपो या रसायनाचा गुण, म्हणजे उजेड न लागलेले चांदीचे क्षार विरघळवण्याचा, चित्र पक्के करण्यास उपयोगी पडला.

रंगांचे करड्यात रूपांतर : कृष्णधवल चित्र रंग गाळते असे म्हटले जाते, पण ते रंगांचे भाषांतर करते असे म्हणणे अधिक बरोबर, आणि हे भाषांतर दीर्घकाळ सदोष होते. चांदीचे हॅलाइड क्षार मूळात निळ्या, जांभळ्या व अतिनील किरणांनाच दाद देतात. हिरवा त्यांना जेमतेम जाणवतो, तांबडा जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकात चित्र घेण्यासाठी या क्षारांचा थर दिलेल्या काचा वापरत; त्यांवर म्हणूनच निळे आभाळ कोरे पांढरे उतरे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हमधून आणि ढग दुसऱ्यातून छापण्याची युक्ती वापरली, ती याच अडचणीतून.

आपल्याकडच्या जुन्या चित्रांत याची खूण कपाळावर सापडते. त्या काळच्या काचेवर घेतलेल्या चित्रात कुंकू काळे दिसते आणि हळदीचा पिवळाही काळपट होतो. उलट निळे लुगडे प्रत्यक्षापेक्षा फिके उतरते. गव्हाळ वर्णाच्या चेहऱ्यावरून परतणाऱ्या उजेडात तांबड्या-पिवळ्याचा वाटा मोठा, आणि तोच काचेला दिसत नसे. परिणामी माणसे होती त्याहून सावळी आली. जुन्या चित्रावरून पणजीच्या वर्णाविषयी किंवा लुगड्याच्या रंगाविषयी अनुमान काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जर्मन रसायनज्ञ हेर्मान फोगेल (१८३४–९८) याला १८७३ मध्ये असे आढळले की, थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर काच हिरव्यालाही दाद देऊ लागते. यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा निघाल्या. तांबड्यासह सर्व रंग नोंदवणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा १९०६ पासून बाजारात मिळू लागल्या. त्यांच्यासाठी डार्करूममधला लाल दिवाही विझवावा लागे, म्हणून अनेकांनी त्या बराच काळ टाळल्या असाव्यात.

या संदर्भात स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल याच्या १८६१ मधील प्रयोगाचा दाखला नेहमी देतात. त्याने एका रंगीत फितीची लाल, हिरव्या व निळ्या गाळणीतून तीन कृष्णधवल चित्रे घेऊन ती पडद्यावर एकत्र टाकली आणि रंग दाखवला. तत्त्व बिनचूक होते, परंतु तेव्हाच्या काचेला लाल दिसतच नसल्याने प्रयोग साधायला नको होता. कोडॅकच्या संशोधकांनी शंभर वर्षांनी याचा उलगडा केला : फितीतले लाल कापड अतिनील किरणही परतवत होते आणि ते लाल गाळणीतून पार होत होते. मॅक्सवेलचे यश अंशतः योगायोगाचे ठरते. रंगीत छायाचित्रणाचा पाया कृष्णधवल चित्रांवर आहे हे मात्र त्यातून दिसते.

फिल्म सर्व रंगांना दाद देऊ लागल्यावर भाषांतराची सूत्रे छायाचित्रकाराच्या हाती आली. लाल शालू आणि हिरवा चुडा डोळ्यांना अगदी वेगळे. पँक्रोमॅटिक फिल्मवर मात्र दोन्ही जवळजवळ सारख्याच करड्यात येऊ शकतात आणि हात साडीत हरवतो. भिंगापुढे लाल फिल्टर लावला की शालू उजळतो व चुडा काळा होतो. हिरवा लावला की उलट. पिवळ्या फिल्टरने आभाळ किंचित गडद होऊन ढग सुटे दिसतात, लाल फिल्टरने ते वादळापूर्वीसारखे काळवंडते. अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स (१९०२–८४) याने १९२७ मध्ये योसेमिटीतील हाफ डोम या कड्याचे चित्र गडद लाल फिल्टर लावून घेतले. त्यातले आभाळ दुपारचे असून जवळजवळ काळे आहे. कृष्णधवलाच्या ओढीचे कारण शोधायचे तर ते गूढतेपेक्षा या मोकळिकीत अधिक सापडते. रंगीत चित्रात आभाळ काळे केले तर ते खोटे वाटते, येथे नाही.

अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चर याच्यासह १९४० च्या सुमारास ‘झोन पद्धत’ बसवली. तीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा टप्पे कल्पून, दृश्याचा कोणता भाग कोणत्या टप्प्यावर यावा हे कळ दाबण्यापूर्वी ठरवतात. पाचवा टप्पा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परतवणारा मधला करडा. पुढचे काम डार्करूममध्ये. लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोरा कागद हलवत राहिले की आधी केस, बुबुळे, कोटाची घडी असे काळे भाग वर येतात. मग मधल्या छटा, आणि गालावरचा उजेड सर्वांत शेवटी. निगेटिव्ह मोठे करून कागदावर पाडणाऱ्या एनलार्जरखाली तळहात किंवा तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती धरून एखादा भाग उजळ ठेवायचा, दुसऱ्याला जास्त उजेड द्यायचा, याला डॉजिंग-बर्निंग म्हणतात. एकाच निगेटिव्हच्या दोन हातांनी काढलेल्या दोन प्रती सारख्या येत नाहीत.

आवडीचा उगम : ही पसंती केव्हा जन्मली याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तिचा आरंभ अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅल्फ्रेड स्टीग्लिट्सच्या वर्तुळात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मानतात. परंतु ल्यूम्येअर बंधूंची रंगीत चित्र देणारी ऑटोक्रोम काच १९०७ मध्ये निघताच स्टीग्लिट्सने ती उत्साहाने वापरली होती, तेव्हा हे मत तपासून घ्यावे लागते. दुसरे मत १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या एफ/६४ या छायाचित्रकारांच्या गटाकडे बोट दाखवते. तिसऱ्या मतानुसार कोडाक्रोम ही रंगीत फिल्म (१९३५) व तिच्यामागून आलेल्या फिल्मांमुळे रंग जाहिरातींत आणि सहलीच्या चित्रांत शिरला आणि गंभीर छायाचित्रकारांनी त्यापासून अंतर राखण्यासाठी कृष्णधवल धरून ठेवले. हे तिसरे मत अधिक पटते. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर एव्हन्झने १९६० च्या दशकाअखेर रंगीत छायाचित्रणाला अभिरुचिहीन म्हटले आणि १९७३–७४ मध्ये स्वतः पोलरॉइड कॅमेऱ्याने रंगीत चित्रे घेतली, हेही त्याच्याशी जुळते.

अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टनचे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील १९७६ चे प्रदर्शन हे तेथील पहिले रंगीत एकल प्रदर्शन असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही. १९६२ मध्ये तेथे एर्न्स्ट हासची रंगीत चित्रे लागली होती. मात्र टीकेचे वादळ उठले ते १९७६ मध्ये.

भारत : मुंबईत १८५४ मध्ये बाँबे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. नारायण दाजींची गणना आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांत होते. लगोलग एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला. भारतीय स्टुडिओंनी करडे चित्र आहे तसे क्वचितच स्वीकारले. छापलेल्या प्रतीवर जलरंगांनी शेला, दागिने, गालांवरची लाली रंगवून देण्याची चाल संस्थानिकांपासून सामान्य कुटुंबांपर्यंत दीर्घकाळ होती.

छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२–९९) यांनी याच धाग्याने मांडणी केली : लघुचित्रांच्या परंपरेतली भारतीय नजर रंगातच पाहते, कृष्णधवलातील एकाकीपणा पाश्चात्त्य आहे. हा युक्तिवाद लक्षणीय असला तरी एकांगी वाटतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांची स्वातंत्र्यकाळातील वृत्तचित्रे, लोककलांचा शोध घेणारी ज्योती भट्ट यांची चित्रे आणि सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची केलेली दीर्घ नोंद कृष्णधवलच आहे. ओलवे यांच्या चित्रांत गटारात उतरलेल्या माणसाच्या अंगावरचा चिखल आणि त्वचा यांतला फरक केवळ चकाकीने कळतो; रंग असता तर नजर आधी घाणीवर गेली असती. वृत्तपत्रांची गोष्ट वेगळी : पाने काळ्या शाईत छापली जात तोवर वृत्तछायाचित्रकाराला रंगाचा उपयोग नव्हता. उदकमंडलमच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म व कागद अनेक स्टुडिओंत वापरात होते.

टिकाऊपणा हेही एक कारण. कृष्णधवल प्रतीतली प्रतिमा धातुरूप चांदीची असते, रंगीत प्रतीतली सेंद्रिय रंगद्रव्यांची. घरातल्या अल्बममध्ये आजीआजोबांचे लग्न अजून ठसठशीत दिसते आणि १९७० च्या दशकातली मुंज तांबूस पडलेली असते, कारण त्या काळच्या कागदातले निळसर रंगद्रव्य अंधारातही आधी विटे. हायपो नीट न धुतल्यास कृष्णधवल प्रतही पिवळी पडते.

अंकीय (डिजिटल) कॅमेऱ्यात संवेदकावर (सेन्सरवर) लाल, हिरव्या व निळ्या सूक्ष्म गाळण्या असतात आणि कृष्णधवल चित्र नंतर हिशेबाने काढले जाते. रूढ सूत्रात हिरव्याला सुमारे ५९, लालला ३० व निळ्याला ११ टक्के वजन असते; हे प्रमाण डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले आहे. या गाळण्याच काढून टाकलेला लायका मोनोक्रोम २०१२ मध्ये आला. त्याला या प्रकारातला पहिला म्हणतात, पण कोडॅकने एकवर्णी अंकीय कॅमेरे त्यापूर्वीच काढले होते. अशा संवेदकाने टिपलेल्या चित्रात रंगाची माहितीच नसल्याने करड्याचे प्रमाण मागाहून बदलता येत नाही. त्यामुळे पिवळे, नारिंगी व लाल फिल्टर पुन्हा भिंगापुढे लावावे लागतात.