65 टक्क्यांची कॅनेडियन व्हिस्की आणि दीड चमचा पाणी

कॅनडातल्या कॅलगरीला मावसभावाकडे गेलेलो तेव्हा त्याने कपाटातून अल्बर्टा प्रीमियम कास्क स्ट्रेंग्थ काढली, 2020 ची पहिली बॅच, लेबलवर चक्क 65.1 टक्के अल्कोहोल. मी सवयीने पाण्याचा जग ओढला तर दादा ओरडलाच, "अरे, वाट लावशील तिची!" मग "नीट" घेतली, म्हणजे पाण्याशिवाय. जीभ भाजली, नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी, आणि चव? डोंबल कळतेय.

हे भाजणं नुसता भास नाही बरं का. गरम ओळखणारा एक रिसेप्टर आपल्या तोंडात असतो, टीआरपीव्ही-1 नावाचा, मिरचीतलं कॅप्सायसिन पण त्यालाच जाऊन चिकटतं म्हणून ठेचा "जाळतो". एरवी हा साधारण 42 डिग्रीला जागा होतो, अल्कोहोल आलं की 34 लाच बोंबलायला लागतो, आणि तोंड तर मुळातच 37 च्या आसपास! म्हणजे जीभ स्वतःच्याच उबेला चटका समजते.

बाटलीत 100 टक्के राय. फोडणीतली राई नव्हे हां, राय म्हणजे गव्हाच्या नात्यातलं, थंडी सोसणारं धान्य. दळून पाण्यात शिजवलं की खळीसारखं चिकट होतं, त्यात अरॅबिनोझायलान नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या भरपूर असतात ना, म्हणून नुसत्या रायच्या वाटेला फार कोणी जात नाही. कॅलगरीची अल्बर्टा डिस्टिलर्स 1946 पासूनची, ते त्यासाठी स्वतःचे एन्झाइम बनवतात. गंमत म्हणजे कॅनडात "राय" मागितलीत तर येते ती बहुतेकदा मक्याचीच जास्त असते, आणि कायद्याला ते चालतं. कायद्याचं म्हणणं एवढंच की 700 लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात, कॅनडातच, किमान 3 वर्षं मुरली पाहिजे.

मुरणं हा शब्द लोणच्याचा असला तरी इथे फिट्ट बसतो. आतून जाळलेल्या ओकमधलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन होतं, लाकडातल्या लॅक्टोनमुळे ओल्या नारळासारखा वास येतो, आणि युजेनॉल तर सरळ आपल्या लवंगेतलंच. कॅनडातल्याच विंडसरच्या हायरम वॉकर डिस्टिलरीची लॉट 40 कास्क स्ट्रेंग्थ ही व्हिस्की 2017 ला आली ती 12 वर्षं मुरलेली, 55 टक्क्यांची. कास्क स्ट्रेंग्थ म्हणजे बाटलीत भरताना वरून पाणी नाही, पिंपातून आली तशी.

आता पाण्याचं. स्वीडनच्या लिनियस युनिव्हर्सिटीतल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी 2017 मध्ये कॉम्प्युटरवर ग्वायाकॉलचे रेणू सोडून बघितले, हा धुरकट वासाचा पदार्थ. अल्कोहोल 59 टक्क्यांच्या वर असेल तर ते रेणू अल्कोहोलच्या गराड्यात आत खोल जातात, 45 पर्यंत उतरलं की पृष्ठभागावर येऊन बसतात. नाक असतं वरच, म्हणजे वास खाली दडून बसला तर दाद कसली द्यायची! (सिम्युलेशन एकाच रेणूचं आहे, त्यामुळे सगळ्या व्हिस्कीला सरसकट लावू नका.) मग अति पाणी घातलं तर? वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2023 च्या अभ्यासात 20 टक्के पाण्यापर्यंत वेगवेगळ्या व्हिस्की वेगळ्या ओळखू येत होत्या, त्याच्या पुढे एका प्रकारातल्या सगळ्या सारख्याच वाटायला लागल्या.

आपला हिशोब: 30 मिली घ्या, त्यात साडेसात मिली पाणी, म्हणजे छोटा दीड चमचा, झाली 52 टक्के. आणि हो, 65 चा 30 मिली म्हणजे आपल्याकडच्या 42.8 वाल्या बाटलीतला जवळपास 45 मिली, "छोटाच आहे" म्हणून दुसरा भरायच्या आधी हे डोक्यात असू द्या.

पाणी थेंबाथेंबाने घाला. अल्कोहोल आणि पाणी मिसळताना थोडी उष्णता सुटते, ग्लास तळहातात धरला तर किंचित कोमट लागतो. दोन मिनिटं थांबा. नाक ग्लासात खुपसू नका, तोंड थोडं उघडं ठेवून वास घ्या, मग लवंग, राईच्या भाकरीसारखा खरपूसपणा (हो, आता मीच राय लिहायचं राई लिहिलं), मागून व्हॅनिला.

दादा अजून मानत नाही. पण सकाळी त्याने रात्रीचा न धुतलेला ग्लास हुंगला, अल्कोहोल उडून गेलेलं, तळाशी नुसतं लाकूड आणि व्हॅनिला, आणि तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.