पावसाळ्यातला एसी आणि भिंतीवरची बुरशी

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत रात्रंदिवस एसी चालवला तरी भिंती कोरड्या राहतात. मात्र तोच एसी जुलै-ऑगस्टमध्ये नुसता रात्रीपुरता लावला, तरी कपाटामागे काळे ठिपके उमटू लागतात. अनेक घरांत त्याचे खापर रंगाऱ्यावर फोडले जाते. खरे कारण हवेतल्या बाष्पात आहे.

हवा गार होत गेली की एका ठरावीक तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. उन्हाळ्याच्या दुपारी हवा 40 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 20 टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे 13 अंश असतो आणि एसीने 20 अंशांपर्यंत गार केलेली भिंतही त्याच्या बरीच वर राहते. पावसाळ्यात हवा 26 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असताना हाच दवबिंदू 23 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे 18-20 अंशांवर ठेवलेल्या खोलीच्या भिंतीला, फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला सुटावा तसा घाम सुटतो. हा घाम पुष्कळदा शेजारच्या, एसी नसलेल्या खोलीच्या बाजूने सुटतो, कारण एसीच्या खोलीतली हवा यंत्राने आधीच बरीचशी कोरडी केलेली असते. म्हणून बुरशी एका खोलीत आणि तिचे कारण दुसऱ्या खोलीत, असे घडते.

बुरशीला पाण्याचे थेंबही लागत नाहीत. पृष्ठभागालगतची आर्द्रता काही दिवस 80 टक्क्यांच्या वर राहिली, की धूळ, डिंक, पुठ्ठा, लाकूड यांवर क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, ॲस्परजिलस यांसारख्या बुरशी वाढू लागतात. त्यांचे काही मायक्रॉन आकाराचे बीजाणू श्वासावाटे आत गेल्यास दमा आणि ॲलर्जी असलेल्यांना विशेष त्रास होतो.

कृष्णाकाठच्या ज्या घरांत 2019 आणि 2021 च्या महापुराचे पाणी शिरले होते, तिथे ओल मुरलेली असण्याचाही संभव असतो. जमिनीतली ओल खालून वर चढते आणि बहुधा पांढरा क्षार व पोपडे दाखवते. एसीची बुरशी कोपऱ्यांत, कपाटामागे आणि यंत्राभोवती दिसते. यंत्राखालीच डाग असेल, तर आधी तांब्याच्या नळीवरचे काळ्या फोमचे वेष्टण तपासावे. ते भिंतीच्या भोकाजवळ फाटले, की उघड्या गार नळीवर जमलेले पाणी थेट गिलाव्यात झिरपते. पाणी वाहून नेणारा पाइप शेवाळासारख्या बुळबुळीत थराने तुंबला, तरी ट्रे भरून पाणी भिंतीवर उतरते.

एसी 24 ते 26 अंशांवर ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, कारण मग भिंत दवबिंदूखाली जाण्याची शक्यता बरीच कमी होते. गरजेपेक्षा मोठ्या टनांचा साधा एसी खोली लवकर गार करून थांबतो आणि बाष्प पुरेसे काढतच नाही. तिथे ड्राय मोड उपयोगी पडतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे.

आलेली बुरशी कोरड्या झाडूने कधीही झाडू नये, त्याने बीजाणू घरभर उडतात. मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसावे, पृष्ठभाग पूर्ण वाळवावा आणि मगच रंग द्यावा. ब्लीच वापरायचेच असेल, तर ते ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डात बुरशी खोल शिरली असेल, तर तेवढा तुकडा कापून बदलावा लागतो.